बलदच्या किनाऱ्यावरील सहा आठवडे : पीटर फोर्सकोल यांचे जीवन

जेद्दा शहराचा बलद हा जुना भाग प्रवाळाच्या दगडांनी बांधलेल्या उंच घरांसाठी आणि त्यांच्या लाकडी जाळीदार रोशनांसाठी ओळखला जातो. इ.स. ६४७ मध्ये तिसरे खलिफा उस्मान यांनी जेद्दा हे मक्केचे बंदर ठरविले आणि तेव्हापासून यात्रेकरू, व्यापारी व खलाशी या गल्ल्यांतून जा-ये करीत आले. २०१४ मध्ये युनेस्कोने या भागाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. येथे येऊन गेलेल्या असंख्य पाहुण्यांमध्ये एक तरुण असा होता, की ज्याच्या सामानात विक्रीचा माल नव्हता आणि ज्याला मक्केलाही जायचे नव्हते. टिपकागदांच्या चळती, मद्यार्काच्या बाटल्या आणि नोंदवह्या एवढीच त्याची दौलत होती. त्याचे नाव पीटर फोर्सकोल. १७६२ च्या ऑक्टोबरअखेर ते जेद्दा बंदरात उतरले आणि डिसेंबरच्या मध्यावर येथून निघाले. जेमतेम सहा आठवड्यांचा हा मुक्काम. परंतु तांबड्या समुद्रातील मासे, प्रवाळ आणि वनस्पती यांच्या शास्त्रीय नावांवर त्याची मुद्रा आजही आहे. मुंबईच्या खाडीतील तिवरांच्या शास्त्रीय नावातही ती आहे.

फोर्सकोल यांचा जन्म ११ जानेवारी १७३२ रोजी हेलसिंकी येथे झाला. फिनलंड त्या काळी स्वीडनच्या राज्याचा भाग होता. वडील ल्यूथरपंथी धर्मोपदेशक होते. पीटर नऊ वर्षांचे असताना कुटुंब स्वीडनमधील टेगेल्समोरा या गावी आले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या दहाव्या वर्षी, त्यांचे नाव उप्साला विद्यापीठात नोंदविले गेले. त्या काळी विद्वानांच्या घरातील मुलांच्या बाबतीत हे फारसे नवलाचे नव्हते. मुलाची बुद्धी मात्र खरोखरच असामान्य होती. धर्मशास्त्र, हिब्रू आणि तत्त्वज्ञान यांचे अध्ययन करून ते पुढे जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे गेले. तेथे प्राच्यविद्येचे अभ्यासक योहान डेव्हिड मिखाएलिस यांच्याकडे त्यांनी पौर्वात्य भाषांचे शिक्षण घेतले आणि १७५६ मध्ये तत्कालीन तत्त्वज्ञानाच्या मूलतत्त्वांविषयी शंका उपस्थित करणारा प्रबंध लिहून पदवी मिळविली. मान्य मताला प्रश्न विचारण्याची ही सवय त्यांच्या स्वभावातच होती.

उप्सालात त्यांना दुसरे गुरू लाभले ते कार्ल लिनियस. वनस्पतींना दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धत लिनियस यांनी १७५३ च्या आपल्या ग्रंथात सर्व ज्ञात वनस्पतींना लावून दाखविली होती. वनस्पतिसृष्टीचे त्यांनी चोवीस वर्ग पाडले होते. पहिले तेवीस वर्ग फुलांच्या रचनेवर, म्हणजे पुंकेसरांची संख्या, लांबी व मांडणी यांवर आधारलेले होते. ज्यांना फुले दिसत नाहीत अशा साऱ्या वनस्पती त्यांनी शेवटच्या, चोविसाव्या वर्गात घातल्या आणि त्यांना गुप्त विवाहाच्या वनस्पती अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. नेचे, हरिता म्हणजे मॉस, शैवले आणि कवके हे सारे या एकाच कोठारात होते. मराठी शाळांतून अनेक पिढ्या ज्याला अबीजपत्री म्हणत आल्या, त्या गटाचा हा पूर्वज होय. फुलांवर आधारलेली ही व्यवस्था शिकायला सोपी व वापरायला सोयीची होती. तिच्यात एक मोठी उणीव मात्र होती. वनस्पतीच्या अंगात पाणी कसे फिरते, या प्रश्नाची तिने दखलच घेतली नव्हती. फोर्सकोल याच व्यवस्थेत घडले आणि तिच्याच चौकटीत त्यांनी आयुष्यभर नोंदी केल्या. परंतु ज्या प्रदेशात त्यांना जावे लागले, तेथील निसर्गाने या चौकटीला जागोजागी प्रश्न विचारले.

अरबस्तानाकडे जाण्यापूर्वी त्यांच्या हातून आणखी एक गोष्ट घडली आणि तिच्यामुळे स्वीडनच्या इतिहासात त्यांचे नाव राहिले. नोव्हेंबर १७५९ मध्ये त्यांनी नागरी स्वातंत्र्याविषयी एक छोटी पुस्तिका स्वखर्चाने छापली. एकवीस परिच्छेदांच्या त्या लेखनात त्यांनी असा विचार मांडला होता, की सत्ताधाऱ्यांचे अधिकार मर्यादित हवेत, लिहिण्या-छापण्याची मोकळीक हवी आणि राज्यकारभारात काय चालले आहे हे जाणण्याचा हक्क प्रजेला हवा. परीक्षकाने काटछाट केल्यानंतरच ती पुस्तिका छापली गेली होती. तरीही सरकारने तिच्यावर तत्काळ बंदी घातली. वाटल्या गेलेल्या प्रती परत गोळा करण्याचे काम विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून लिनियस यांच्यावर आले. छापलेल्या पाचशे प्रतींपैकी एकोणऐंशीच हाती लागल्या; बाकीच्या विद्यार्थ्यांमध्ये आणि मित्रांमध्ये केव्हाच पसरल्या होत्या. सात वर्षांनी, डिसेंबर १७६६ मध्ये, स्वीडनने मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा केला. जगातील अशा प्रकारचा तो पहिला कायदा मानला जातो. तो पाहायला फोर्सकोल हयात नव्हते.

स्वीडनमध्ये उन्नतीची वाट बंद झालेली असतानाच डेन्मार्ककडून बोलावणे आले. मिखाएलिस यांच्या सूचनेवरून राजा पाचवा फ्रेडरिक याने अरबस्तानात एक अभ्यासमंडळ पाठविण्याचे ठरविले होते. बायबलमध्ये उल्लेखिलेल्या वनस्पती, प्राणी, भाषा आणि चालीरीती यांचा प्रत्यक्ष शोध घेणे हा त्याचा हेतू. मंडळात सहा जण होते : भाषाशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्रिस्टियन फॉन हावेन, निसर्गशास्त्रज्ञ फोर्सकोल, भूमापक कार्स्टन नीबूर, वैद्य क्रिस्टियन क्रामर, चित्रकार गेओर्ग बाउरेनफाइंड आणि स्वीडिश सेवक लार्स बेर्गग्रेन. कोणीही एक नेता नसावा, सर्वांचा दर्जा समान असावा, हा आग्रह फोर्सकोल यांनी धरला आणि तो मान्यही झाला. तत्त्व म्हणून ते उदात्त होते. व्यवहारात मात्र फॉन हावेन आणि फोर्सकोल यांचे पटेना. कॉन्स्टँटिनोपल येथे फॉन हावेन यांनी सोमल विकत घेतल्याचे कळले, तेव्हा तो आपल्यासाठीच असावा अशी शंका इतरांना आली आणि त्यांनी तेथील डॅनिश वकिलाकडे तक्रार केली. या संशयाचे सावट घेऊनच मंडळ १७६१ च्या सप्टेंबरअखेर इजिप्तला पोहोचले.

इजिप्तमध्ये त्यांना वर्षभर थांबावे लागले. फोर्सकोल यांनी तो काळ वाया जाऊ दिला नाही. स्थानिक पोशाख करून, अरबीत बोलत ते गावोगाव हिंडत व झाडपाला गोळा करीत. एकदा लुटारूंनी त्यांच्या अंगावरचे कपडेदेखील काढून घेतले. तरीही त्यांची भटकंती थांबली नाही. १७६२ च्या ऑक्टोबरात सुएझहून निघालेल्या यात्रेकरूंच्या जहाजातून मंडळ जेद्दाकडे निघाले. वाटेत १७ ऑक्टोबरला सूर्यग्रहण होते. फोर्सकोल यांनी ते आधीच सांगितले होते आणि नाखव्याला ते दाखविलेही. ज्याला आकाशातले कळते त्याला शरीरातलेही कळत असणार, असा सहप्रवाशांचा समज झाला आणि जहाजावर त्यांच्याभोवती रोग्यांची गर्दी जमली. रात्री काहीच दिसत नाही, अशी तक्रार घेऊन आलेल्या एकाला त्यांनी मेणबत्ती लावण्याचा सल्ला दिला, तेव्हा सारे जहाज हसले. नीबूर यांनी आपल्या प्रवासवर्णनात हा प्रसंग नोंदविला आहे.

त्या वेळचे जेद्दा तटबंदीच्या आत वसलेले होते. तुर्की सुलतानाचा पाशा आणि मक्केचे शरीफ हे दोघे मिळून शहराचा कारभार पाहत व जकातीचे उत्पन्न वाटून घेत. सुरतेहून भारतीय माल येई, येमेनमधून कॉफी येई आणि सुएझकडे रवाना होई. सहा युरोपियनांना येथे विरोध होईल ही भीती मंडळाला होती; पण कैरोतील एका शेखने दिलेल्या शिफारसपत्रामुळे पाशाच्या कारभाऱ्याने त्यांचे चांगले स्वागत केले. त्या कारभाऱ्याला खगोलशास्त्राची आवड होती आणि फोर्सकोल यांच्याशी त्याच्या वारंवार गप्पा होत. पाहुण्यांनी समुद्राजवळ घर घेतले. शहरात त्यांना मोकळेपणाने फिरता येई. बाब मक्का या वेशीजवळ मात्र जाण्याची मुभा नव्हती. नीबूर यांनी शहराचा नकाशा तयार केला. फोर्सकोल समुद्राकडे वळले.

जेद्दाच्या भोवतालची जमीन रेताड व कोरडी. तेथे हाती लागण्यासारखी झाडेझुडपे थोडीच होती. समुद्र मात्र भरलेला होता. कोळ्यांनी आणलेली मासळी पाहून फोर्सकोल तिचे वर्णन लिहीत, रंग टिपत आणि कोळ्यांना तिचे नाव विचारीत. उकाड्यात मासे टिकत नसत, म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञाची युक्ती त्यांनी माशांना लावली. मासा लांबीत चिरायचा, एका बाजूचे कातडे पसरून वाळवायचे आणि पान चिकटवावे तसे ते कागदावर चिकटवायचे. असे माशांचे नमुने कोपनहेगनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात अद्याप जपून ठेवलेले आहेत. जेद्दाच्या कोळ्यांनी सांगितलेली नावेही त्यांनी तशीच ठेवली. सोहल, हरीद, घोब्बान, बोहार ही माशांची अरबी नावे आज जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत लॅटिन नावाचा भाग म्हणून छापली जातात. फरसान बेटांवर दरवर्षी ज्या माशाच्या नावाने हरीद उत्सव भरतो, तोच हा हरीद. कोकणात आवडीने खाल्ली जाणारी मुडदुशीसुद्धा शास्त्राच्या नोंदीत फोर्सकोल यांच्याच नावावर आहे. तिच्या शास्त्रीय नावातील सिहामा हा शब्द त्यांनी तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर ऐकलेला होता.

ज्या प्रवाळाच्या दगडांतून बलदची घरे उभी राहिली, त्यांच्याविषयीही तेव्हा विद्वानांत एक वाद नुकताच शमत आला होता. प्रवाळ हे दगड की वनस्पती की प्राणी? फांद्या फुटलेल्या, फुलांसारखे अवयव पसरणाऱ्या या वस्तूंना शतकानुशतके समुद्रातली झाडे मानले गेले होते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पेसोनेल या फ्रेंच वैद्याने त्यांतील फुले म्हणजे वास्तविक लहान जीव होत, असे दाखविले आणि शतकाच्या मध्यानंतर हे मत सर्वमान्य झाले. फोर्सकोल यांनी तांबड्या समुद्रातील अनेक प्रवाळांची वर्णने प्राण्यांच्या ग्रंथात घातली. त्यांतील एकाला त्यांनी निवडुंगाचे नाव दिले. बाह्य रूप झाडासारखे असले तरी वर्ग प्राण्याचा, ही जाण त्या नावातच आहे.

वनस्पती आणि प्राणी यांच्यातील ही सीमारेषा जशी समुद्रात स्पष्ट झाली, तशीच वनस्पतींच्या आतली आणखी एक सीमारेषाही तेथे दडलेली होती. फोर्सकोल यांच्या नोंदींत दोन समुद्री वनस्पती आढळतात. एक म्हणजे द्राक्षांच्या घोसासारखे हिरवे मणी धारण करणारे शैवाल, ज्याला आज कौलेर्पा रेसेमोसा म्हणतात. दुसरे म्हणजे वाळूत पसरणारे, लांबट पानांचे समुद्री गवत, ज्याचे आजचे नाव हॅलोफिला स्टिप्युलासिया. उथळ पाण्यात डोकावणाऱ्याला दोन्ही सारखीच वाटतील. दोन्ही हिरवी, दोन्ही सरपटणाऱ्या दांड्यांनी पसरणारी, दोन्हींना खाली मुळांसारखे व वर पानांसारखे अवयव. फोर्सकोल यांनी मात्र पहिल्याला शैवालांत आणि दुसऱ्याला सपुष्प वनस्पतींत स्थान दिले. ते बरोबर होते. पण त्याचे सर्वांत खोल कारण सांगणारी भाषा तेव्हा रूढ झालेली नव्हती.

ते कारण असे. समुद्री गवताच्या अंगात नळ्यांची जाळी असते. जलवाहिन्या मुळांकडून पाणी व क्षार वर नेतात आणि रसवाहिन्या पानांत तयार झालेले अन्न खाली पोहोचवितात. समुद्री गवतात ही जाळी क्षीण झालेली असली तरी असतेच, कारण त्याचे पूर्वज जमिनीवरचे होते. कौलेर्पाच्या अंगात अशी एकही नळी नाही. हातभर पसरलेले ते शैवाल म्हणजे असंख्य केंद्रके असलेली एकच प्रचंड पेशी असते. त्याचे पान खरे पान नव्हे आणि मूळही खरे मूळ नव्हे. पाण्यातले क्षार ते सर्वांगाने शोषून घेते. पहिल्या प्रकाराला वाहिनीवंत वनस्पती म्हणतात. शैवले आणि हरिता यांच्यासारख्या नळ्या नसलेल्यांना वाहिनीहीन म्हणतात.

जमिनीवर हा फरक जीवनमरणाचा ठरतो. कोकणात पावसाळ्यात जांभ्याच्या गडग्यांवर जी हिरवी मखमल चढते, ती बव्हंशी हरितांची. त्यांना खरी मुळे नसतात, पाणी पेशीतून पेशीत झिरपत जाते आणि त्यामुळे त्यांची उंची सहसा काही सेंटिमीटरच राहते. ऊन पडले की त्या वाळून करड्या होतात. पुढच्या पावसात पुन्हा हिरव्या होतात. याउलट खजुराचे झाड वाळवंटात खोलवरचे पाणी शोषून कित्येक मीटर उंच शेंड्यापर्यंत चढविते. पानांतून वाफ निघून जाते, तिच्या ओढीने नळ्यांतला पाण्याचा अखंड धागा वर खेचला जातो. बलदमधील नसीफ यांच्या वाड्यासमोर कडुलिंबाचे झाड आहे. एकेकाळी जुन्या शहरात तेवढेच झाड होते, असे सांगतात आणि त्यामुळे तो वाडा झाडाचे घर म्हणून ओळखला जाई. भारतीय उपखंडातला हा वृक्ष जेद्दाच्या उन्हात उभा राहू शकला तो या वाहिन्यांच्याच बळावर. आज पृथ्वीवर वाहिनीवंत वनस्पतींच्या साडेतीन लाखांहून अधिक जाती ज्ञात आहेत, तर हरिता व त्यांच्या आप्तांच्या सुमारे वीस हजार.

खारट चिखलात वाढणारे तिवर हेही वाहिनीवंत झाडच. मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत जे तिवर दाटीने उभे असतात, त्यांतील मुख्य जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन फोर्सकोल यांनी तांबड्या समुद्राकाठच्या झाडांवरून केले. किनाऱ्यावरचे अरब त्याला शूरा म्हणत. म्हणून फोर्सकोल यांनी त्याच्या प्रजातीचे नाव सेउरा ठेवले. खारजमिनीत उगवणाऱ्या एका झुडपाला अरबी सुवैदवरून त्यांनी सुएडा म्हटले. आपल्याकडे किनाऱ्यालगत मोरस म्हणून जी खारट भाजी खातात, ती याच प्रजातीतली. कपूरमधुरी ही रानवनस्पती ज्या ईर्वा प्रजातीत मोडते, तिचे नावही त्यांनी अरबीवरूनच घेतले.

हे नामकरण वरवर साधे दिसले तरी गुरूच्या शिकवणीशी ते विसंगत होते. प्रजातीचे नाव ग्रीक वा लॅटिन मुळाचेच असावे, इतर भाषांतील नावे टाकून द्यावीत, असा लिनियस यांचा नियम होता. फोर्सकोल यांनी तो जाणूनबुजून बाजूला ठेवला. झाड ज्यांच्या अंगणात वाढते, ज्यांची जनावरे ते चरतात, ज्यांच्या औषधांत ते पडते, त्यांनी दिलेले नाव हाच त्या झाडाविषयीचा पहिला पुरावा आहे, अशी त्यांची भूमिका त्यांच्या नोंदींतून दिसते. या विचाराला एक पूर्वपरंपरा होती आणि ती मराठी-कोंकणी वाचकांच्या परिचयाची आहे. सतराव्या शतकात कोचीन येथे डच अधिकारी फान रेडे यांनी सिद्ध केलेल्या बारा खंडांच्या हॉर्टस मलबारिकस या ग्रंथासाठी इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबरच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांनी साहाय्य केले होते. १६७५ मध्ये त्यांनी नागरी लिपीत लिहून दिलेले प्रशस्तिपत्र त्या ग्रंथात छापलेले आहे. लिनियस यांनी त्या ग्रंथाचा भरपूर उपयोग केला. पण नावांच्या बाबतीत त्यांचा नियम कायम राहिला.

डिसेंबर १७६२ च्या मध्यावर मंडळाने जेद्दा सोडले आणि वर्षअखेर येमेनमधील लुहय्या बंदर गाठले. तेथून पुढचे सहा महिने फोर्सकोल यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी ठरले. कॉफीच्या डोंगरांत ते गाढवावर बसून आणि पायी हिंडले. येमेनी लोक ज्याची पाने चघळतात त्या कातचे वर्णन त्यांनी प्रथम केले. ज्या सुगंधी डिंकाला मक्केचा बाल्सम म्हणत आणि ज्याच्या झाडाविषयी युरोपात केवळ तर्क चालत, ते झाड त्यांना डोंगरात फुललेले सापडले. लिनियस यांनी पूर्वीपासून त्याची ओढ लावली होती. फोर्सकोल यांनी तत्काळ पत्राने त्यांना तो शोध कळविला. ओल्या कड्यांवर त्यांना नेचेही मिळाले. सह्याद्रीतही आढळणारा अ‍ॅडिअँटम इन्सिसम हा नाजूक नेचा त्यांनीच नामांकित केला. नेच्याला फुले नाहीत, म्हणून लिनियस यांच्या पद्धतीप्रमाणे तो हरिता आणि शैवालांच्या पंक्तीला बसला. पण नेच्याचे देठ कापून पाहिले तर आत वाहिन्यांची जुडी दिसते, जशी गवतात किंवा आंब्यात असते. फूल हा निकष धरला तर नेचा हरितेचा भाऊ ठरतो. वाहिनी हा निकष धरला तर तो आंब्याचा आप्त ठरतो.

१७६३ च्या उन्हाळ्यात मंडळावर हिवतापाने घाला घातला. मे महिन्यात फॉन हावेन मोखा येथे वारले. उरलेले लोक सना या राजधानीकडे निघाले. तइझ येथे शहरामागचा सबिर पर्वत फोर्सकोल यांना दिसत होता. जगातल्या साऱ्या वनस्पती त्याच्यावर आहेत, असे तेथील लोक सांगत. तेथे जाण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. जूनअखेर तइझ सोडताना ते तापाने फणफणले होते. चालवेना तेव्हा त्यांना उंटावर बांधून यरीम या गावी आणण्यात आले. ११ जुलै १७६३ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. वय अवघे एकतीस. सोबत्यांनी त्यांना पेटीत ठेवून पुरले. पेटीत धन असावे या समजुतीने पुढे चोरांनी ती कबरही उकरली.

वाचलेले चौघे मोखाला परतले आणि ऑगस्टमध्ये मुंबईकडे जाणाऱ्या जहाजात चढले. बाउरेनफाइंड आणि बेर्गग्रेन वाटेतच समुद्रावर गेले. डॉक्टर क्रामर फेब्रुवारी १७६४ मध्ये मुंबईत वारले. सहांपैकी एकटे नीबूर उरले. त्यांनी मुंबईत वर्षभराहून अधिक काळ काढला, सुरतेला जाऊन आले, घारापुरीच्या लेण्यांत अनेकदा जाऊन शिल्पांची मापे घेतली व चित्रे काढली. मिखाएलिस यांनी अभ्यासमंडळासाठी तयार केलेली प्रश्नावली छापील स्वरूपात त्यांच्या हाती पडली ती मुंबईत. वनस्पतींविषयीच्या प्रश्नांना उत्तर देणारा माणूस तोवर यरीमच्या मातीत होता. डिसेंबर १७६४ मध्ये नीबूर यांनी मुंबई सोडली आणि मस्कत, इराण, इराकमार्गे १७६७ च्या नोव्हेंबरात ते कोपनहेगनला पोहोचले. ज्या राजाने त्यांना पाठविले होते, तो जवळजवळ दोन वर्षांपूर्वीच मरण पावला होता.

नीबूर भूमापक होते; वनस्पतिशास्त्र त्यांचा विषय नव्हे. तरीही मृत मित्राची टिपणे त्यांनी वाऱ्यावर सोडली नाहीत. १७७५ मध्ये त्यांनी फोर्सकोल यांचे प्राण्यांविषयीचे आणि इजिप्त-अरबस्तानातील वनस्पतींविषयीचे असे दोन ग्रंथ प्रसिद्ध केले. १७७६ मध्ये बाउरेनफाइंड यांच्या चित्रांचा ग्रंथ आला. लेखकाचा शेवटचा हात फिरलेला नसल्यामुळे या ग्रंथांत चुका राहिल्या आणि पुष्कळ नमुने तोवर खराब वा गहाळ झाले होते. पुढे मार्टिन व्हाल यांनी उरलेल्या नमुन्यांचा नव्याने अभ्यास केला आणि अनेक वनस्पतींना नवी नावे मिळाली. सेउरा हे अरबी मुळाचे नाव टिकले नाही. तिवराची ती जाती आज अ‍ॅव्हिसेनिया या प्रजातीत गणली जाते. सुएडा आणि ईर्वा मात्र टिकून आहेत.

नेच्याचे स्थान बदलायला आणखी काही दशके जावी लागली. १८१३ मध्ये स्विस शास्त्रज्ञ द कांदोल यांनी वनस्पतिसृष्टीचे वाहिनीवंत आणि केवळ पेशीमय असे दोन भाग केले, तेव्हा नेचे शैवालांच्या कोठारातून बाहेर पडून वृक्षांच्या बाजूला आले. वाहिन्या सूक्ष्मदर्शकातून दिसल्या होत्या त्या फार आधी, सतराव्या शतकातच, इटलीत माल्पीगी आणि इंग्लंडमध्ये ग्रू यांना. पण दिसलेल्या गोष्टीला वर्गीकरणाचा पाया मानायला दीडशे वर्षे जावी लागली. फोर्सकोल यांनी टिपलेले समुद्री गवत, शैवाल, नेचे आणि तिवर या नव्या मांडणीत आपापल्या जागी सहज बसले, कारण त्यांची वर्णने प्रत्यक्ष पाहून लिहिलेली होती.

लिनियस यांनी आपल्या या शिष्याचे नाव एका वाळवंटी वनस्पतीला दिले. फोर्सकोल यांनीच पाठविलेल्या बियांपासून ती उप्सालाच्या बागेत उगवली होती. अंगावर आकड्यांसारखी लव असलेली, एकदा कपड्याला चिकटली की सहसा न सुटणारी अशी ती वनस्पती आणि तिच्या नावातील दुसऱ्या शब्दाचा अर्थही अतिशय चिवट असाच आहे. शिष्याचा स्वभाव गुरूने ओळखला होता, असे वनस्पतिशास्त्रज्ञ तेव्हापासून सांगत आले आहेत. तिवर, मुडदुशी, हरीद यांच्या शास्त्रीय नावांपुढे कंसात फोर्सकोल हे नाव आजही लिहिले जाते. जाती दुसऱ्या प्रजातीत गेली तरी ज्याने तिचे प्रथम वर्णन केले त्याचे नाव कंसात राहावे, असा शास्त्राचा दंडक आहे.